टेकडीवरील ताऱ्यांचे मंदिर
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही ज्ञातीच्या इतिहासाविषयी बोलू असे पुष्कळांस वाटले असेल. परंतु आम्ही आपणांस अमेरिकेतील एका टेकडीवर नेणार आहोत. ती वाट शेवटी आपल्याच दाराशी येते. तोवर धीर धरावा, ही विनंती.

व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे; एके काळी ते कारखान्यांचे गाव होते. यंत्रे घडविणारी यंत्रे तेथे तयार होत. त्याच गावचा रसेल पोर्टर हा वास्तुशास्त्र शिकलेला आणि उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत हिंडलेला गृहस्थ 1919 साली परतला व जोन्स अँड लॅमसन या कारखान्यात नोकरीस लागला. 1920 साली त्याने दुर्बिणीचा आरसा घडविण्याचा वर्ग काढला. पंधरा पुरुष व एक स्त्री असे सोळा विद्यार्थी जमले. बहुतेक कारखान्यातलेच होते. ज्योतिषशास्त्राचा पंडित त्यांत कोणी नव्हता.

कृती ऐकण्यास सोपी आहे. दोन जाड वाटोळ्या काचा घ्यावयाच्या आणि मध्ये कुरुंदाची पूड व पाणी घालून एकीवर दुसरी घाशीत राहावयाचे. वरची काच हळूहळू खोलगट होते. मग राळेच्या थरावर तिला झिलई आणि अखेर चांदीचा पातळ मुलामा. मात्र पृष्ठभागातील चूक मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाहून अधिक चालत नाही! ती हुडकण्यास एक दिवा व एका पात्याची धार पुरते. बाकी सारे काम हाताचे.

दुर्बिणी झाल्या, आता आकाश हवे. गावाबाहेर ब्रीझी हिल ही टेकडी आहे. तेथील जागा पोर्टरने दिली, आराखडाही त्यानेच काढला. 1923 च्या अखेरीस मंडळाची रीतसर स्थापना झाली आणि 1924 साली सभासदांनी स्वतः राबून वास्तू उभी केली. तिचे नाव ‘स्टेलाफेन’, म्हणजे ताऱ्यांचे मंदिर. पुढे 1930 च्या सुमारास बारा इंची आरशाची दुर्बीण घुमटासह बांधली. तेथला हिवाळा हाडे गोठविणारा. म्हणून पाहणाऱ्याने आत ऊबेत बसावे आणि दुर्बीण बाहेर थंडीत राहावी, अशी तिची योजना आहे.

1926 पासून तेथे मेळावा भरू लागला. आजही उन्हाळ्यात दूरदूरचे हौशी लोक आपल्या हातांनी घडविलेल्या दुर्बिणी घेऊन ती टेकडी चढतात. पोर्टरला 1928 साली कॅलिफोर्नियात पाचारण झाले. पालोमार पर्वतावर 1948 साली सिद्ध झालेल्या दोनशे इंची दुर्बिणीच्या आराखड्यांत त्याचा हात आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या ज्ञातीच्या हातात पिढ्यान् पिढ्या वाकस, पटाशी आणि रंधा होता. आम्ही मॅट्रिक झालो ते तीर्थरूपांच्या रंध्यावर. असे असता शिक्षक या नात्याने आम्ही भर वर्गात म्हटले आहे, “अभ्यास केला नाहीस, तर जन्मभर रंधा ओढीत बसशील.” एकदा असे म्हणताच समोरच्या मुलाने मान खाली घातली. त्याचे वडील आपल्यापैकीच होते. त्या मुलाची मान आम्हांस अजून दिसते. विद्येची थोरवी सांगताना आम्ही हातांची निंदा केली, हा आमचा अपराध होय.

स्प्रिंगफील्डच्या मंडळींनी दाखवून दिले की, कारागिराचा हात आकाशापर्यंत पोहोचतो. म्हणून एक सूचना करतो. येत्या सुटीत आपल्या सभागृहात मुलामुलींनी सहा इंची एक आरसा घासावा. वृद्ध कारागिरांनी हात शिकवावा, शिकलेल्यांनी गणित सांगावे. पहिली काच आम्ही आणून देऊ. आणि घासावयास बसणाऱ्यांत, मुलांच्या शेजारी, आमचेही नाव लिहावे.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.