‘वेडी’ म्हणण्याआधी

आज एका लहानशा शब्दाविषयी बोलू या. शब्द आहे ‘वेड’.

दिवाळी झाली, धान निघालं, की आपल्या केशोरीच्या भागात नाटकांचे दिवस येतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात. थंडीत रात्रभर बसून नाटक पाहणाऱ्याला आपण ‘नाटकवेडा’ म्हणतो. त्यात कौतुक असतं. लेकरू काही भलतंच बोललं, तर ‘वेडं गं माझं’ म्हणत आपण त्याला जवळ घेतो. त्यात माया असते. कळूनही न कळल्याचं सोंग करणाऱ्यासाठी तर म्हणच आहे, वेड पांघरून पेडगावला जाणं.

पण हाच शब्द बाईला कसा लागतो, तेही पाहा. बाळंतपणानंतर एखादी सारखी रडते, तिला झोप येत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही. घरचे म्हणतात, “वेडी झाली.” दुसरी एखादी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल चारचौघांत बोलते. तिलाही म्हणतात, “वेडी आहे, तिचं काय ऐकता?” एका शब्दानं पहिलीचा आजार झाकला जातो आणि दुसरीचं खरं बोलणं.

इंग्रजांच्या काळातल्या १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. तो ‘मानसिक आजार’ म्हणतो आणि उपचार हा हक्क मानतो. समाजाच्या रीतीप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून कुणालाही मानसिक आजारी ठरवता येत नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून गटात कुणी एखादीला ‘वेडी’ म्हटलं, तर लगेच विचारा, “तिला नेमकं काय होतंय?” झोप नाही, जेवण नाही, सतत रडू येतं, कुणी नसताना आवाज ऐकू येतात, असं असेल तर आशाताईंना सांगा, दवाखान्यात सोबत जा. ‘टेली मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. जीव देण्याची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा कुणी केली, तर तिला एकटीला सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आणि तिला घरात मार बसत असेल, तर आजार तिला नाही. तिचं बोलणं ऐका आणि तिच्या बाजूनं उभ्या राहा.