धडधड कधीपासून?



पन्हाळ्यावरच्या या परिषदेला जमलेल्या आपणा डॉक्टरांशी मी बोलणार आहे ते एकाच प्रश्नावर. एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे आपल्या रोजच्या 'एएफ'चा रुग्ण समोर आला, तर शॉक कधी द्यायचा आणि नुसती गती आवरून कधी थांबायचं?

बाजारभोगावच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतला शेतकरी येतो. 'काल सांजच्यापासनं छातीत धडधडतंय.' नाडी दीडशेच्या घरात, पार अनियमित. पण रक्तदाब चांगला, छातीत दुखत नाही, धाप नाही. घरचे धास्तावलेले असतात आणि आपल्यालाही आजच्या आज लय ताळ्यावर आणावीशी वाटते. १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी ईसीजीशी जुळवून द्यायचा डीसी शॉक वैद्यकात आणला, तेव्हापासून साधनही हाताशी आहे.

ही घाई खरोखर गरजेची आहे का, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४३७ रुग्ण होते. त्रास ३६ तासांच्या आतला, प्रकृती स्थिर. एका गटाला लगेच कार्डिओव्हर्जन. दुसऱ्याला गती ११०च्या आत आणणारी औषधं देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. थांबलेल्यांपैकी ६९ टक्क्यांची लय ४८ तासांत आपोआप सुधारली. चार आठवड्यांनी थांबलेल्या गटात ९१ टक्के आणि लगेच उपचार झालेल्या गटात ९४ टक्के रुग्ण नियमित लयीत होते. थांबल्यानं फारसं काही गमावलं नव्हतं.

मात्र तिथला रुग्ण दुसऱ्या दिवशी परत येतो. आपला वाडीवरचा माणूस धडधड कमी झाली की भांगलणीला जातो. म्हणून थांबायचं ठरवलं, तर उद्या त्याला कोण बघणार, कुठे बघणार, हे आजच ठरवलं पाहिजे. तेवढी सोय होत नसेल तर त्याला दाखल करून घ्या.

रक्तदाब कोसळलेला, फुप्फुसात पाणी, हृदयविकाराचा झटका, यांपैकी काही असेल तर थांबणं नाही, तिथे शॉकच. ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू दिसलं, तर डिल्टियाझेम आणि डिगॉक्सिनला हातही लावू नका.

खरी अडचण घड्याळाची आहे. आधी रक्त पातळ न करता लय ताळ्यावर आणण्याची ४८ तासांची जुनी मर्यादा २०२४च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २४ तासांवर आणली. त्याहून जास्त वेळ झाला असेल किंवा सुरुवात नक्की सांगता येत नसेल, तर आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारं औषध, नाहीतर अन्ननलिकेतून ईको करून गुठळी नसल्याची खात्री. लय सुधारली तरी डाव्या कर्णिकेचं आकुंचन काही आठवडे मंदच राहतं, म्हणून पुढे किमान चार आठवडे गोळी चालू हवी. नेमकी इथेच ती बंद होते, कारण रुग्णाला बरं वाटू लागलेलं असतं. हे घरच्यांनाही बसवून समजावलं पाहिजे.

आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या बायका एएफ घेऊन येतात. लहानपणीच्या संधिवाती तापानं मायट्रल झडप अरुंद झालेली असते. डच अभ्यासाचा दिलासा त्यांना लावू नका. झडप मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, तर धडधड चार तासांची असो की चार महिन्यांची, रक्त पातळ ठेवावंच लागतं, तेही वॉरफेरिन किंवा एसिट्रॉमनं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातलेही रुग्ण असलेल्या मोठ्या अभ्यासात रिव्हारोक्साबान घेणाऱ्यांपेक्षा या जुन्या औषधांवरच्या रुग्णांत मृत्यू कमी झाले. आयएनआर तपासायला महिन्याकाठी तालुक्याला येणं अशा बाईला मजुरी बुडवून परवडत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच ती तपासणी तिच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी, असा ठराव या परिषदेनं आज करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयाकडे रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर धडधड सुरू झाल्याची वेळ, तेव्हाची नाडी व रक्तदाब आणि दिलेल्या औषधाचा डोस एवढं जरूर लिहा. जमलं तर पहिल्या ईसीजीची पट्टीही सोबत जोडा. तिथे पोचेपर्यंत लय सुधारलेली असेल, तर निदानाचा पुरावा तेवढाच उरतो.