आतून लावलेली कडी

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वाटलं होतं, नेहमीसारखं कायद्यावरच बोलायचं आहे. पण ताई म्हणाल्या, "तू एकटी गाडी घेऊन डोंगरात गेली होतीस ना, ते सांग." मला संकोचच वाटला. आपण घराबाहेर पडतो त्या मोर्चाला, कोर्टात, पोलीस चौकीत. बाकीच्या बायका बाळंतपणाला, आजारपणाला नाहीतर देवाला जातात. नुसतं फिरायला, तेही एकटीनं, म्हणजे चैन. मीही ही गोष्ट बरेच दिवस मोघमच सांगत होते.

२०२४ च्या ऑक्टोबरात एका प्रशिक्षणासाठी मी अमेरिकेत वॉशिंग्टनला गेले होते. ते संपल्यावर चार दिवस हाताशी होते. तिथं राहणाऱ्या आतेबहिणीनं निम्मे पैसे घातले आणि मी एक लहान मोटारहोम भाड्यानं घेतलं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि मुख्य म्हणजे संडास. "एकटी जाणार?" बहिणीनं तीनदा विचारलं. भाड्याच्या कचेरीतल्या माणसानंही तेच विचारलं. म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही.

आधी बेत होता दक्षिणेला उत्तर कॅरोलिनापर्यंत जायचा. पण सप्टेंबरच्या अखेरीस हेलीन चक्रीवादळानं तिकडचे डोंगररस्ते वाहून नेले होते. म्हणून व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातच राहिले. तिथं डोंगराच्या माथ्यावरून १०५ मैलांचा, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटरचा एकच रस्ता जातो. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. मध्ये एक बोगदा आहे, १२ फूट ८ इंच उंचीचा. गाडीची उंची काचेजवळ चिकटवलेली होती, तरी खाली उतरून मी दोनदा वाचली. घाम फुटला होता. बोगद्यातून बाहेर पडल्यावर मोठ्यानं हसले. ऐकायला कोणी नव्हतं, तेच बरं वाटलं.

इकडे ऑक्टोबरचा उकाडा, तिकडे पानगळ. दिवस लहान होतात, थंडी पडते, पानांतला हिरवा रंग विरतो आणि आधीपासून पानात असलेला पिवळा दिसू लागतो. मेपलसारख्या झाडांत लाल रंग मात्र त्याच वेळी नव्यानं तयार होतो. सगळा डोंगर हळदकुंकवाचा. हे मी कोणाला जेवायला न वाढता, कोणाची वेळ न सांभाळता, दोन तास बसून पाहिलं.

आता भीतीचं सांगते. ती होतीच. १९९६ साली याच उद्यानात तंबू ठोकून राहिलेल्या दोन तरुण मैत्रिणींचा खून झाला. खुनी कोण हे कळायला २८ वर्षं गेली. २०२४ च्या जूनमध्ये डीएनएवरून त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा तो तुरुंगात मरून सहा वर्षं झाली होती. पहिल्या रात्री हे सारखं आठवत होतं. पान पडलं तरी दचकत होते.

पण आपण सगळ्या रोज काय पाहतो? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे ५१,१०० बायका-मुली नवरा, जोडीदार किंवा घरच्याच माणसांच्या हातून मेल्या. दिवसाला १४०. हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या बायका-मुलींपैकी या ६० टक्के. तरी "रस्ता धोक्याचा, घर सुरक्षित" हेच आपल्याला शिकवलं जातं. डोंगरातली ती रात्र धोक्याची नव्हती असं मी म्हणत नाही. पण घरातल्या रात्रीची कोणी "एकटी आहेस का?" म्हणून चौकशी करत नाही.

त्या रस्त्याला ॲपलेचियन ट्रेल ही पायवाट ठिकठिकाणी छेदून जाते. १९५५ साली ओहायोची एमा गेटवुड ही पायवाट एकटीनं सलग पूर्ण चालणारी पहिली बाई ठरली. सुमारे ३,३०० किलोमीटर. वय ६७, मुलं अकरा. नवऱ्यानं तिला वर्षानुवर्षं मारलं होतं, वेड्यांच्या इस्पितळात टाकीन म्हणून धमकावलं होतं. १९४१ साली तिनं घटस्फोट घेतला. घरी तिनं फक्त "चालायला जाते" एवढंच सांगितलं. पाठीवर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तिच्याजवळ चाकांवरचं घर नव्हतं आणि कडीही नव्हती.

माझ्याजवळ पासपोर्ट होता, गाडीचा परवाना होता, इंग्रजी होतं, बहीण होती. हे नसलेल्या बाईला मी "तू पण जा" म्हणाले तर तो उद्धटपणा होईल. त्याच उद्यानात लुईस माउंटन नावाचा तळ आहे. १९३९ साली तो फक्त काळ्या लोकांसाठी वेगळा काढला होता. डोंगर सगळ्यांचा असं म्हणणं सोपं असतं, तिथं रात्री मुक्काम कोणी कुठं करायचा हे कोणीतरी दुसरंच ठरवतं.

परत आल्यावर केंद्रावर येणाऱ्या एका मावशींना फोटो दाखवले. पन्नाशीच्या आहेत, तीस वर्षं मार खाल्लेल्या. पानांच्या रंगांकडे त्यांनी पाहिलंच नाही. विचारलं, "कडी आतून होती का गं?"

"होती."

"मग झोप लागली असेल."

लागली होती, दुसऱ्या रात्रीपासून. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. तो आपण लढून मिळवून देतो. पण त्या घरातल्या दाराची कडी कोणाच्या हाती, हे आपण अर्जात लिहीत नाही. मावशींनी ते एका वाक्यात विचारलं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं एक लहानशी पेटी ठेवावी. त्यातून वर्षाला निदान एका बाईला एक रात्र कुठंतरी एकटीनं राहता यावं. जवळच्या गावी चालेल, एसटीनं चालेल. काम नको, नवस नको, सोबत नको. दाराला आतून कडी हवी आणि संडास हवा. पुढच्या शिबिरात तिनं इथं उभं राहून झोप कशी लागली ते सांगावं. आमच्या गटातून पहिलं नाव मावशींचं आहे. त्यांनी विचारून ठेवलंय, "डोंगर दिसेल ना?"