न्यायाचे शुल्क आणि कैद्याची मजुरी



सर्वांना सारखीच किंमत आकारली म्हणजे समता साधली, असा एक समज बाजारात रूढ आहे. न्यायालयाच्या दारात हा समज किती फसवा ठरतो, ते अमेरिकेतील कैद्यांच्या दिवाणी दाव्यांवरून स्पष्ट दिसते.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत निर्धन नागरिकाला शुल्काविना दावा दाखल करण्याची सवलत १८९२ च्या कायद्याने मिळाली. निर्धन कैद्यालाही ती मिळत असे. १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने कैद्यापुरती ती काढून घेतली. बाहेरच्या निर्धनाला शुल्क आजही माफ होऊ शकते. तुरुंगातल्या निर्धनाला मात्र ३५० डॉलर, हप्त्यांनी का होईना, पूर्ण भरावे लागतात. खात्यात १० डॉलरांहून अधिक रक्कम असली की मागील महिन्याच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा वळता होतो. घरून आलेले पैसेही उत्पन्नातच धरले जातात. प्रत्येक दाव्यासाठी असा स्वतंत्र हिस्सा कापावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. दावा प्राथमिक छाननीत फेटाळला गेला तरी शुल्काचे देणे सुटत नाही.

आता मजुरी पाहा. संघीय तुरुंगांत साध्या कामांना तासाला १२ ते ४० सेंट मिळतात. म्हणजे ३५० डॉलरांसाठी किमान ८७५ तास राबावे लागते. संघीय किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. तेवढ्यावर राबणारा बाहेरचा मजूर हीच रक्कम सुमारे ४८ तासांत मिळवतो. टेक्सासमध्ये तर तुरुंगातील बहुतेक कामांना मजुरीच नाही.

कैदी क्षुल्लक दावे करतात, असे समर्थक म्हणत. शेंगदाण्याच्या लोण्याचा प्रकार मनासारखा मिळाला नाही म्हणून झालेला दावा त्यांनी गाजवला. न्यायमूर्ती जॉन न्यूमन यांनी मूळ कागद तपासले. कैद्याने चुकीचा डबा परत केला होता, बदली डबा त्याला मिळाला नाही, आणि खात्यातून अडीच डॉलर मात्र गेले होते. तासाला काही सेंट मिळवणाऱ्याला ही रक्कम क्षुल्लक कशी वाटावी?

शिवाय निराधार दावा आरंभीच फेटाळण्याचा अधिकार याच कायद्याने न्यायालयाला दिला आहे. दाव्यातील तथ्य पाहणारी चाळणी हाताशी असताना शुल्काची दुसरी चाळणी कशासाठी? ती तथ्य पाहत नाही, केवळ ऐपत पाहते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा महसूल नसून मागणी दडपण्यासाठी लावलेली किंमत आहे.

टेक्सासच्या तुरुंगात काम करताना कापसाची गासडी अंगावर पडलेल्या एका कैद्याने हाताने लिहून दावा केला. तो स्वतः हरला; परंतु कैद्याच्या गंभीर आजाराकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणे घटनाबाह्य आहे, हे तत्त्व त्याच दाव्यातून १९७६ साली प्रस्थापित झाले. अशा विनावेतन श्रमिकापुढे शुल्काची भिंत उभी करणारे राज्य वस्तुतः स्वतःवरील आरोपांपासून स्वतःचा बचाव करीत असते. ही भिंत हटवून १९९६ पूर्वीची सवलत परत देणे, एवढी मागणी न्यायाच्या दृष्टीने मुळीच अवाजवी नाही.