धावपटूची शिदोरी



४२ किलोमीटर १९५ मीटरांच्या मॅरेथॉन शर्यतीत तीस किलोमीटरपर्यंत एका लयीत धावणारा तरुण एकाएकी मंदावतो. पाय शिशासारखे जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाहणाऱ्यांना वाटते, याचा धीर खचला. वास्तविक बहुधा संपलेली असते ती त्याच्या शरीरातील शिदोरी.

धावताना शरीर मुख्यतः दोन इंधने वापरते : चरबी आणि पिष्टमय पदार्थांपासून मिळणारी शर्करा. शर्करेचा साठा स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. तो साधारणतः ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २,००० कॅलरींचा. साठ किलो वजनाच्या धावपटूला मॅरेथॉनसाठी मात्र सुमारे २,५०० कॅलरी लागतात. उलट त्याच्या अंगी सहा किलो चरबी असली, तरी तीत चाळीस हजारांहून अधिक कॅलरी असतात.

मग केवळ चरबीवर का धावू नये? कारण चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायू अधिक लागतो. वेग वाढला की शरीर शर्करेकडे वळते. त्यामुळे आरंभीच उधळणारा धावपटू आपली शिदोरी वाटेतच संपवितो.

अमेरिकेतील बोस्टन येथे १९२४ च्या मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचे रक्त तपासले. ज्यांची रक्तशर्करा फार घटली होती, तेच अधिक गलितगात्र झालेले आढळले. १९२५ मध्ये धावपटूंना आधी पिष्टमय आहार व शर्यतीत गोड गोळ्या देण्यात आल्या. त्यांची रक्तशर्करा टिकली आणि प्रकृतीही सुधारलेली दिसली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेगाने चालण्याच्या शर्यतीतील खेळाडूंवरील ऑस्ट्रेलियन अभ्यासात चरबीप्रधान आहाराने चरबीचे ज्वलन वाढले. परंतु प्राणवायूही अधिक लागला आणि कामगिरी सुधारली नाही.

नियमित सरावाने मात्र स्नायू चरबीचा अधिक उपयोग करू लागतात आणि शर्करेची बचत होते. म्हणून क्रीडाशिक्षकांनी व शर्यतींच्या संयोजकांनी तरुणांना महिनोन्‌महिने सराव द्यावा, आदल्या दिवशी भात-भाकरीचे पोटभर जेवण करण्यास सांगावे, प्रारंभी वेग आवरण्यास शिकवावे आणि लांबच्या वाटेवर पाण्यासोबत केळी, साखर-पाणी ठेवावे. झोकांड्या खाणाऱ्या वा भांबावलेल्या धावपटूला टाळ्यांनी पुढे ढकलू नये. त्याला थांबवावे व उपचार मिळवून द्यावेत. जिद्द मोलाची खरी, परंतु रिकाम्या शिदोरीवर ती फार दूर जात नाही.