रस्ता कोणता, ते ओळखा



आज आम्ही मोठ्या रस्त्यांविषयी सांगणार आहोत. डांबर सगळीकडे काळेच. पण सगळे रस्ते एक नव्हेत.

मुंबईहून पुण्याला जायला दोन मोठे रस्ते आहेत. जुना महामार्ग खोपोली, लोणावळा अशा गावांवरून जातो. गावोगावचे रस्ते त्याला येऊन मिळतात. मोटारसायकलही त्यावरून जाते.

दुसरा द्रुतगती मार्ग. तो २००२ साली पुरा झाला. त्यावर चौक नाही. ठरल्या जागीच आत शिरायचे, ठरल्या जागीच बाहेर पडायचे. पायी माणूस, बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांना तिथे मनाई आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही असाच. त्याची लांबी ७०१ किलोमीटर.

मग टोल म्हणजे काय? टोल म्हणजे रस्ता वापरण्याचा कर. तो महामार्गावर असतो, द्रुतगती मार्गावरही असतो. म्हणून टोलनाक्यावरून रस्ता ओळखू नये. "पैसे घ्या, पण ट्रॅक्टर सोडा," असे म्हणून चालत नाही.

कुठे कुठे घर रस्त्याच्या अलीकडे अन् शेत पलीकडे असते. कुंपण ओलांडले की शेत आले, असे वाटते. पण ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साठ हात पुढे येते. ब्रेक दाबला तरी ती जागच्या जागी थांबत नाही. म्हणून पुलाखालच्या वाटेनेच जावे. गुरेही तिथूनच न्यावीत. वळसा पडला तर पडू द्या. जीव वाचतो, हे काय थोडे झाले?

घरी गेल्यावर मुलाबाळांना एवढे जरूर सांगा.