जीवनसत्त्व ‘अ’ : केव्हा द्यावे, किती द्यावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही फार शिकलेली बाई नाही. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढे संसार. चिटणीसबाईंनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पण गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक चूक घडली. ती ऐकून एकीच्या जरी बाळाचा त्रास टळला तरी बोलण्याचे सार्थक होईल, म्हणून उभी राहिले आहे.

दिवाळीला लेक माहेरी आली. नातू दीड वर्षाचा. त्याच सुमारास आमच्या अंगणवाडीत मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे पिवळे औषध पाजत होते. मी नातवाला कडेवर घेऊन निघाले. नर्सबाईंनी कार्ड मागितले. ते राहिले होते लेकीच्या सासरी. “बाळाला याआधी पाजले आहे का?” असे त्यांनी विचारले. “नाही हो,” मी बेधडक सांगून टाकले. लेकीला विचारलेसुद्धा नव्हते. पंधराच दिवसांपूर्वी तिकडे ती मात्रा देऊन झाली होती!

रात्री बाळाला ओकाऱ्या सुरू झाल्या. डोके धरून सारखी किरकिर. लेक मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. डॉक्टरांनी तपासून दोन दिवस नजरेखाली ठेवायला सांगितले. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळू लागले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. चूक नर्सबाईंची नव्हती, माझीच होती. मग मी डॉक्टरांना आणि आमच्या आशाताईंना खोदून खोदून विचारले. ते आज तुम्हांला सांगते.

हे औषध द्यायचे कशासाठी? ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. तिन्हीसांजेला पोर चाचपडते, ताटातला घास त्याला दिसत नाही. पुढे डोळे कोरडे पडतात, बुबुळाच्या बाजूला पांढरट फेसासारखा डाग येतो, आणि दुर्लक्ष झाले तर बुबुळ फुटून दृष्टी कायमची जाते. अंगातली रोगाशी झगडण्याची ताकदही कमी होते. म्हणूनच १९७० साली सरकारने देशभर ही मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला.

आता माप नीट ध्यानात ठेवा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराच्या लसीबरोबर पहिली मात्रा एक मिलिलिटर, म्हणजे एक लाख एकक. दुसरी दीड वर्षाच्या सुमारास दोन मिलिलिटर, म्हणजे दोन लाख एकक. पुढे दर सहा महिन्यांनी तेवढीच, पाच वर्षांचे होईपर्यंत. अशा एकंदर नऊ मात्रा. बाटलीबरोबर खुणेचा चमचा येतो, त्यानेच मोजायचे. घरातला चमचा चालायचा नाही. डॉक्टरांनी आसामची हकीकत सांगितली. तिथे २००१ साली नेहमीच्या चमच्याऐवजी मोठे माप वापरले गेले. त्या मोहिमेनंतर पुष्कळ मुले आजारी पडली, काही दगावल्याच्याही बातम्या आल्या. कारणांवरून मोठा वाद झाला, पण मापाचा धडा सर्वांनाच मिळाला.

जास्त झाल्याने बाधते का, असे कुणी विचारील. बाधते. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे. जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठून राहते. योग्य मात्रेनंतरही एखाद्या बाळाला ओकारी होते, टाळू किंचित फुगते. ते दोन दिवसांत ओसरते. पण मात्रेवर मात्रा झाली तर त्रास वाढतो. अति तेथे माती, म्हणतात ते खोटे नाही.

गरोदर बायकांनी तर फारच जपावे. या दिवसांत ‘अ’ जीवनसत्त्व फाजील झाले तर पोटातल्या गर्भात व्यंग येऊ शकते. माशाच्या तेलाच्या गोळ्या, ताकदीच्या गोळ्या कुणी सांगितल्या म्हणून घेऊ नका. मुरुमांवरच्या काही गोळ्याही याच कुळातल्या असतात. दिवस राहण्याचा संभव असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

गोवर निघालेल्या मुलाची गोष्ट वेगळी. गोवरात अंगातला साठा झपाट्याने संपतो आणि डोळ्यांना धोका असतो. अशा वेळी डॉक्टर लागोपाठ दोन दिवस मात्रा देतात. ते उपचार आहेत, घाबरू नका. ‘देवी आली’ म्हणून पोराला घरात झाकून मात्र ठेवू नका.

आणि आपल्या हातचे औषध ते स्वयंपाकघरात आहे. बाळाला पहिला चीक पाजा, पुढे अंगावर पाजा. सहा महिन्यांनंतर वरणभातात शेवग्याचा पाला, चवळाई, पालक घाला. लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, आंबा द्या. भाजीला थोडे तेल हवेच, त्यावाचून हे सत्त्व अंगी लागत नाही. भाजीचे सत्त्व शरीर लागेल तेवढेच बदलून घेते, म्हणून भाजी खाऊन विषबाधा होत नाही. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत असताना महात्माजींनी १९३५ साली हिरव्या पाल्याचे प्रयोग स्वतःवर केले आणि ‘हरिजन’ पत्रात त्यांविषयी लिहिले. तो पाला आजही आपल्या बांधावर आहे. आपणच तो सोडून पुड्यांतल्या खाऊच्या मागे लागलो आहोत.

तेव्हा भगिनींनो, एवढेच करा. लेक माहेरी येईल तेव्हा तिच्या पिशवीत बाळाचे कार्ड आहे का, ते आधी पाहा. मात्रा पाजली की त्यावर तारीख लिहून घ्या. कार्ड नसेल तर सासरच्या आशाताईला फोन करून विचारा, आणि ठाऊक नसेल तर सरळ “ठाऊक नाही” म्हणा. तसे म्हणण्यात कसला कमीपणा? मी तेवढे म्हटले असते तर नातवाची ती रात्र सुखाची गेली असती.